फ्लोरिडाची सेक्स ऑफेंडर वेबसाइट : तीन वर्षं वापरल्यावर माझं मत

आधी रेटिंग सांगून टाकते. फ्लोरिडा राज्याच्या सेक्स ऑफेंडर सर्च वेबसाइटला, म्हणजे लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांचे फोटो-पत्ते दाखवणाऱ्या सरकारी साइटला, माझ्याकडून ५ पैकी २ स्टार, न्यू जर्सीच्या साइटला ३. दोन्ही मी आई म्हणून वापरल्यात, एडिसनला राहत होतो तेव्हा न्यू जर्सीची आणि टॅम्पाजवळ शिफ्ट झाल्यापासून गेली तीन वर्षं फ्लोरिडाची. या विषयावर आपल्याकडे कुणी मोकळेपणाने बोलत नाही, मंडळात विषय निघालाच तर बायका आवाज खाली आणतात आणि पुरुष उठून चहा आणायला जातात, पण घर बघायला लागलं की प्रत्येक जण रात्री मुलं झोपल्यावर या साइटवर पत्ता टाकून बघतोच. मीही बघितला होता.

वापरायला साइट एकदम सोपी आहे, ते खरंच मान्य करायला हवं. पत्ता टाका, नकाशा येतो, ठिपके दिसतात, ठिपक्यावर क्लिक केलं की माणसाचा फोटो, जन्मतारीख, उंची, वजन, अंगावरचे टॅटू आणि जखमेच्या खुणा, राहायचा पत्ता, गाडीची माहिती, आणि खाली गुन्हा. आपला ईमेल देऊन ठेवला तर आपल्या पत्त्याजवळ कुणी नवीन राहायला आलं की अलर्ट येतो. फुकट आहे, लॉगिनची कटकट नाही, फोनवर पण नीट चालते. सगळ्या राज्यांच्या याद्या एकत्र बघायच्या असतील तर ड्रू शोडीनच्या नावाची नॅशनल साइट आहे, ड्रू म्हणजे नॉर्थ डकोटा युनिव्हर्सिटीची विद्यार्थिनी, २००३ साली मॉलच्या पार्किंगमधून तिला पळवून नेऊन मारलं. तिथून शोधलं की मूळ राज्याच्या साइटवर नेऊन सोडतात.

गडबड गुन्ह्याच्या ओळीपासून सुरू होते. तिथे कायद्याचं कलम आणि एका वाक्यात गुन्ह्याचं नाव, बास. समोरच्या माणसाने सहा वर्षांच्या लेकराचं वाटोळं केलं होतं का १९ व्या वर्षी १५ वर्षांच्या गर्लफ्रेंडबरोबर होता, हे त्या ओळीवरून साध्या माणसाला कळूच शकत नाही. तारीख बारीक अक्षरात, ती बघायचं भान कुणाला नसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा माणूस आज किती धोकादायक आहे याबद्दल तिथे जवळजवळ काहीच नाही. 'ऑफेंडर' आणि जास्त गंभीर समजला जाणारा 'प्रेडेटर' असे दोन शिक्के आहेत, पण तेही त्याने कुठल्या कलमाखाली गुन्हा केला त्यावरून पडतात, आज त्या माणसाकडे बघून कुणी ठरवलेले नसतात. आपण तर साइट त्यासाठीच उघडतो ना, की मला आत्ता कुणापासून सावध राहायचंय.

आता माझा अनुभव. इथे येऊन आठ-नऊ महिने झाले असतील, संध्याकाळी कुकर लावताना फोनवर अलर्ट आला, आमच्याच सबडिव्हिजनमध्ये, मागच्या गल्लीत. मी तो उघडून वाचेपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर साइटवरच्या त्याच्या फोटो-पत्त्याच्या पानाचा स्क्रीनशॉट पडला होता, दहा मिनिटांत चाळीस मेसेज. चाळिशीचा माणूस, गुन्हा २००१ सालचा. त्याची बायको आणि मुलगी बरोबर, मुलगी माझ्या लेकीच्याच वर्गात, बस स्टॉप पण एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॉपवर गेले तर सगळ्या आया मुलांना घेऊन एका बाजूला आणि ती पोरगी पलीकडे एकटी, जांभळी लंच बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरून. माझी लेक तिच्याकडे जायला निघाली तर मी तिचा हात धरून मागे ओढलं. लेकीने विचारलं आई का, आणि मला काही सांगता आलं नाही. चार महिन्यांनी ते लोक घर सोडून गेले. कुणी दारावर काहीतरी फासलं होतं असं नंतर कळलं. त्या मुलीचा काय दोष होता, आणि तिला त्या कोपऱ्यात उभं करण्याने माझी मुलगी कशी सुरक्षित झाली, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मग मी वाचायला लागले. कोर्टाचे निकाल, सरकारी आकडे, हाताला लागेल ते.

हे कायदे कुठून आले ते आधी समजून घ्यायला हवं, कारण ते कुणा दुष्ट माणसाने केलेले नाहीत, ते लेकरं गेलेल्या आईबापांच्या दुःखातून आलेत. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये मिनेसोटात ११ वर्षांचा जेकब वेटरलिंग सायकलवरून घरी येताना पळवला गेला, त्याच्या नावाने १९९४ साली पहिला केंद्रीय कायदा आला, राज्यांनी नोंद ठेवा म्हणून. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यू जर्सीच्या हॅमिल्टन टाउनशिपमध्ये ७ वर्षांच्या मेगन कांकाला समोरच्या घरात राहणाऱ्या माणसाने मारलं, त्याला आधी दोनदा शिक्षा झालेली होती आणि शेजारी कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला कळलं असतं तर, हे तिच्या आईवडिलांचं म्हणणं, आणि त्यावर कुठली आई काय उत्तर देणार? १९९६ मध्ये मेगनचा कायदा देशभर झाला, यादी लोकांसाठी खुली झाली. ते घर पाडून तिथे छोटी बाग केलीये, आम्ही एडिसनला असताना एकदा तिथे जाऊन आलो होतो, मला पाच मिनिटंसुद्धा उभं राहवलं नाही. मग २००६ चा अॅडम वॉल्श कायदा, त्यात तीन टियर म्हणजे स्तर, १५ वर्षं, २५ वर्षं आणि जन्मभर, आणि टियर ठरतो गुन्ह्याच्या कलमावरून. १४ आणि त्यावरच्या वयाची मुलंसुद्धा काही गुन्ह्यांसाठी यादीत घ्या असं त्याच कायद्यात आहे. जी राज्यं ऐकणार नाहीत त्यांचा एका केंद्रीय ग्रँटमधला १० टक्के पैसा कापायचा.

यात मला सगळ्यात जास्त लागलं ते जेकबच्या आईचं, पॅटी वेटरलिंग यांचं. पहिल्या कायद्यासाठी त्या झगडल्या, आणि पुढे त्याच सांगत फिरल्या की आपण फार पुढे गेलो, विशेषतः लहान मुलांना या यादीत टाकण्याबद्दल त्या कळकळीने बोलल्यात. जेकबचं काय झालं ते २०१६ साली कळलं, मारणाऱ्याने कबूल केलं तेव्हा. तो माणूस तेव्हा असली कुठलीही यादी असती तरी तिच्यात सापडला नसता, कारण तोपर्यंत अशा गुन्ह्यात त्याच्यावर काही सिद्धच झालेलं नव्हतं.

आता आकडे, कारण ग्रुपवर सगळे छातीठोक सांगतात की हे लोक परत करतातच. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने २०१९ ला रिपोर्ट काढला, ३० राज्यांत २००५ साली तुरुंगातून सुटलेल्या लैंगिक गुन्हेगारांचा ९ वर्षं माग काढून. पुन्हा बलात्कार किंवा लैंगिक हल्ल्यासाठी अटक झाली ७.७ टक्क्यांना. आता हे मला पण माहितीये की असले गुन्हे पोलिसांपर्यंत फार कमी जातात, त्यामुळे खरा आकडा जास्तच असणार, आणि ७.७ म्हणजे काही कमी नाही, त्या प्रत्येक अटकेमागे एक जीव आहे. पण मग 'परत करतातच' हे कुठून आलं? २००२ च्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रात ८० टक्क्यांपर्यंत असा आकडा आला होता, उपचार न घेतलेल्यांसाठी. पुढे दोन संशोधकांनी त्याचं मूळ शोधलं तर ते निघालं १९८६ मधल्या एका लोकप्रिय मासिकातला लेख, तुरुंगात उपचारांचा कार्यक्रम चालवणाऱ्या एका समुपदेशकाचा, त्याला अभ्यासाचा काहीच आधार नव्हता. आणि २००३ साली त्याच कोर्टाने अलास्काच्या केसमध्ये ठरवलं की रजिस्ट्री, म्हणजे ही यादी, शिक्षाच नाही, नुसती प्रशासकीय नोंद आहे, म्हणून ती मागच्या तारखेपासूनही, कायद्याआधीच्या गुन्ह्यांनाही, लावता येते.

नुसती नोंद? फ्लोरिडात या माणसांना वर्षातून दोनदा, काहींना चारदा, शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या (जिल्ह्याच्या) पोलिसप्रमुखाच्या, ऑफिसात स्वतः जाऊन नोंद करावी लागते, गाडी बदलली, ईमेल बदलला तरी ४८ तासांत कळवायचं, चुकलं तर तो नवीन गंभीर गुन्हा. ड्रायव्हिंग लायसन्सवर कायद्याच्या कलमाचा नंबर छापलेला असतो, म्हणजे बँकेत, हॉटेलात, कुठेही कार्ड दाखवलं की ज्याला ओळखायचं त्याला ओळखू येतं. २०१६ च्या कायद्याने मुलांविरुद्धच्या गुन्ह्यासाठी नोंद असलेल्यांच्या पासपोर्टवर पण खूण असते. यादीतून बाहेर पडायला बहुतेकांना किमान २५ वर्षं थांबावं लागतं, आणि तेव्हाही अर्ज करायचा हक्क सगळ्यांना नाही. मिशिगनच्या बाबतीत २०१६ मध्ये केंद्रीय अपील कोर्टाने स्पष्टच सांगितलं की ही शिक्षाच आहे आणि मागच्या तारखेने लावता येणार नाही. कोर्टं हळूहळू बोलायला लागलीत, विधिमंडळं मात्र हलत नाहीत कारण या लोकांच्या बाजूने उभं राहिलेल्याला मत कोण देणार.

राहण्याच्या बंदीचं तर विचारूच नका. फ्लोरिडात राज्याचा नियम शाळा, पार्क, डेकेअर यांच्यापासून १,००० फूट, त्यावर मायामी-डेड काउंटीत २,५०० फूट. आता मायामीसारख्या शहरात २,५०० फुटांचं वर्तुळ काढत गेलात तर उरतं काय? समुद्र आणि विमानतळ. २०१० पर्यंतची काही वर्षं तिथे ज्युलिया टटल कॉजवे नावाच्या पुलाखाली डझनावारी माणसं तंबू ठोकून राहत होती, काहींच्या लायसन्सवर पत्ता म्हणून त्या पुलाचंच नाव. ज्या माणसाकडे घर नाही, नोकरी नाही, बायकामुलांशी संबंध तुटला, त्याच्याकडून पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता कमी होते का वाढते, हे समजायला पीएचडी लागत नाही. आयोवामध्ये २,००० फुटांचा नियम होता, २००६ मध्ये तिथल्या सरकारी वकिलांच्या संघटनेनेच तो बदला म्हणून लेखी सांगितलं, मुलांचं संरक्षण होत नाही आणि माणसं नोंद न करता गायब होतात म्हणून. २००९ मध्ये राज्याने तो बराच कमी केला. म्हणजे ज्यांचं कामच अशांना तुरुंगात पाठवणं आहे तेच लोक हे म्हणतायत.

इथे स्वतःबद्दल एक गोष्ट सांगणं भाग आहे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल ही बाई गुन्हेगारांची बाजू घेतेय. मी स्वतः लहानपणी यातून गेलेय. तो माणूस आमच्या घरी जेवायला बसायचा, मी त्याला काका म्हणायचे, त्याच्या ताटात पोळी मीच वाढायचे. कुठल्याही नकाशावर तो ठिपका म्हणून आला नसता. सरकारी आकडाही हेच सांगतो, न्याय खात्याच्या २००० सालच्या अहवालात पोलिसांपर्यंत गेलेल्या गुन्ह्यांमध्ये १८ वर्षांखालच्या पीडितांपैकी साधारण ९३ टक्क्यांच्या बाबतीत गुन्हा करणारा घरचा किंवा ओळखीचा होता. उरलेल्या ७ टक्क्यांसाठी आपण देशभर साडेसात लाखांच्या वर माणसांची यादी करून बसलोय आणि त्या ९३ बद्दल मुलांशी जेवताना चार शब्द बोलायला आपल्याला लाज वाटते.

आणि एक सांगते जे बाहेरच्यांना पटकन लक्षात येत नाही. समजा मी तेव्हा आईला सांगितलं असतं आणि अशी साइट तेव्हा असती, तर आईने पोलिसांत तक्रार केली असती का? घरचा माणूस, त्याचा फोटो, पत्ता, खाली गुन्ह्याचं नाव, अख्ख्या गावाने ओळखलं असतं की ती मुलगी कोण. यादी जाहीर झाली की त्या घरातलं लेकरू पण जाहीर होतं. यादीत नाव जन्मभर राहणार या भीतीने घरातली तक्रार घरातच दाबली जाते, आणि जी गोष्ट दाबली गेली तिच्यात ना शिक्षा होते ना उपचार.

न्यू जर्सीला मी एक स्टार जास्त का दिला ते आता सांगते. तिथे कलमावरून शिक्का न मारता माणसाचा धोका किती ते गुणपत्रिका लावून बघतात, तीन टियर करतात, माणसाला ते मान्य नसेल तर जज्जसमोर सुनावणी मागता येते. कमी धोक्याच्या पहिल्या टियरचे फक्त पोलिसांकडे, साइटवर नाहीत. साइटवर तिसऱ्या टियरचे आणि दुसऱ्यातले बरेचसे. बऱ्याच जणांना १५ वर्षं काही न करता काढली तर बाहेर पडायचा अर्ज करता येतो. म्हणजे तिथे ठिपका दिसला की त्याला काही अर्थ असतो. इथे फ्लोरिडात ठिपकेच ठिपके, शिवाय यादीतली मोठी संख्या तर आता राज्यात मोकळी राहतच नाही, कुणी तुरुंगात, कुणी दुसऱ्या राज्यात, कुणी वारलेलासुद्धा. इतकं सगळं एकदम दिसलं की खरा धोकादायक माणूस त्या गर्दीत लपतो. बघणाऱ्या पोलिसालाही आणि आईलाही.

तरी न्यू जर्सीला ४ का नाही? कारण २००८ मध्ये तिथल्याच कायद्याचा सरकारी पैशातून अभ्यास झाला आणि पुन्हा लैंगिक गुन्हा होण्यावर किंवा पीडितांच्या संख्येवर काही परिणाम दिसला नाही, खर्च मात्र ज्या काउंट्यांनी हिशोब दिला त्यांचाच २००७ मध्ये ३९ लाख डॉलरच्या आसपास. अजून एक अभ्यास आहे २०११ चा, अनेक राज्यांचा, त्यात पोलिसांकडे नोंद ठेवल्याने ओळखीतल्यांवर होणारे गुन्हे कमी झालेले दिसले, पण नावं जाहीर केल्यावर यादीतल्या लोकांचं पुन्हा गुन्ह्याकडे वळणं वाढत असल्याची चिन्हं दिसली. म्हणजे यादी वाईट नाही, तिचा बोर्ड करून चौकात लावणं वाईट. कॅनडाची यादी पोलिसांपुरतीच आहे. इंग्लंडमध्ये आई पोलिसांकडे जाऊन विचारू शकते की माझ्या मुलाजवळ वावरणाऱ्या या माणसाबद्दल तुमच्याकडे काही आहे का, आणि गरज असली तर पोलिस तिलाच सांगतात. आईला खरं हेच तर हवं असतं. आपल्या भारतात २०१८ ला सुरू झालेली यादी पण फक्त तपास यंत्रणांनाच दिसते.

जाहीर यादीचं टोक काय असू शकतं ते मेन राज्यात २००६ साली दिसलं. कॅनडातून आलेल्या २० वर्षांच्या तरुणाने राज्याच्या साइटवरून पत्ते काढले आणि दोन घरी जाऊन दोन माणसांना गोळ्या घातल्या. त्यातला एक २४ वर्षांचा होता, त्याचा गुन्हा काय तर १९ चा असताना गर्लफ्रेंडबरोबर होता, तिला १६ पूर्ण व्हायला दोन आठवडे बाकी होते. साइटवर मात्र तो आणि लहान लेकरांना छळणारा एकाच रांगेत.

मुलांचं तर मला बोलवतच नाही. १४ वर्षांचा पोरगा, आठवी-नववीतला. त्याने जे केलं ते गंभीर असेल, त्याच्यामुळे दुसऱ्या लेकराचं नुकसान झालं असेल, त्यावर उपचार हवेत, देखरेख हवी, सगळं हवं. पण अभ्यास सांगतात की अशी मुलं पुन्हा लैंगिक गुन्हा करण्याचं प्रमाण अगदी थोडं, २००० नंतरच्या अभ्यासांची बेरीज करून साधारण पावणेतीन टक्के. आणि २०१८ च्या एका अभ्यासात यादीत नाव असलेल्या मुलांमध्ये मागच्या महिनाभरात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, तसाच गुन्हा केलेल्या पण यादीत नसलेल्या मुलांच्या चौपट निघालं. चौपट. ज्या कायद्याचं नाव लेकरांच्या संरक्षणासाठी त्याने लेकरांचं हे करावं?

मला काय हवंय ते सरळ सांगते. यादी राहू दे, पण ती पोलिसांकडे राहू दे आणि ज्यांचा धोका आज खरंच मोठा आहे तेवढ्यांचीच जाहीर करा. धोका माणसाकडे बघून ठरवा, जज्जसमोर ठरवा, आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा बघा. १८ च्या खालच्यांना यातून काढा. फुटांचे नियम काढून टाका. कॅलिफोर्नियाने हे थोडंफार केलंय, १९४७ पासून तिथे यादी होती, सगळ्यांना जन्मभर, २०२१ पासून १० वर्षं, २० वर्षं आणि जन्मभर अशी केली, आणि काही आभाळ कोसळलं नाही. वाचलेला पैसा उपचारांना द्या, सुटून आलेल्या माणसाला दर आठवड्याला भेटणारे, त्याच्यावर लक्ष ठेवणारे स्वयंसेवकांचे गट कॅनडात १९९४ पासून आहेत आणि मिनेसोटाने पण सुरू केलेत, त्यांना द्या.

तुम्ही साइट वापरणार असालच, तर गुन्ह्यासमोरची तारीख आधी बघा, आणि पत्ता अजून तोच आहे का ते शेरीफ ऑफिसला फोन करून विचारा, ते सांगतात. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका, त्या घरात शाळेत जाणारं कुणी असू शकतं. आणि ज्या रात्री नकाशा बघाल त्याच रात्री मुलांना हे पण सांगा की काका असो, मामा असो, सर असो, नको वाटलं तर नको म्हणायचं आणि लगेच आम्हाला येऊन सांगायचं, आम्ही तुझ्यावर रागावणार नाही. मी माझ्या लेकीला जागा, शब्द सगळं नीट सांगितलंय, पहिल्यांदा सांगताना माझाच घसा सुकला होता, आता ती स्वतः प्रश्न विचारते.

मार्चमध्ये टॅलाहसीत अधिवेशन सुरू व्हायच्या आधी आमच्या आमदाराला मी चार पानांचं पत्र पाठवलं, त्यात बस स्टॉपवरची ती मुलगी पण लिहिली, नाव न घेता. ऑफिसमधून एका मुलीचा फोन आला, तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी हळू आवाजात विचारलं, ते लोक आता कुठे राहतात? साइटवर त्यांचा नवा पत्ता एका क्लिकवर मिळाला असता. मी बघितला नाही.